सूज मोजून उपचार: दातांच्या लहान दवाखान्यात बायोमार्कर कसे वापरायचे

यंत्रमागावर रात्रपाळी करणारे एक अण्णा गेल्या उन्हाळ्यात माझ्या खुर्चीत बसले. तक्रार एवढीच, "डॉक्टर, खालची दाढ हलायलीय. कडक भाकरी चावताना कळतंय." दिवसाला एक बंडल विडी. हिरड्या पाहिल्या तर फिकट, घट्ट, दिसायला ठणठणीत. रक्त येतं का विचारलं तर म्हणाले, "छे, कधीच नाही." प्रोब, म्हणजे खोली मोजायची खुणांची बारीक सळई, घातला तेव्हा तो दाढेच्या मागच्या बाजूला सात मिलिमीटर आत गेला आणि बाहेर येताना रक्ताचा जेमतेम एक ठिपका आला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या अशाच फसवतात. धुरामुळे रक्तस्राव दबतो, आतलं हाड मात्र झिजत राहतं.

प्रोबने आणि एक्स-रेने मला त्या दाढेचा इतिहास सांगितला. आजवर किती गेलं, ते कळलं. पण तिथे या आठवड्यात आग चालू आहे की ती जागा कधीच जळून विझली आहे, हे त्या दोघांना सांगता येत नाही. सूज दाखवणाऱ्या तपासण्यांचं, म्हणजे बायोमार्करचं, काम इथे सुरू होतं. आणि खरं सांगायचं तर बरंचसं इथेच संपतं. या तपासण्या रोगाचं नाव सांगत नाहीत, आग चालू आहे का ते सांगतात.

हा लेख मी माझ्यासारख्या एका खुर्चीच्या दवाखान्यांसाठी लिहितोय. सोलापूर शहर असो, बार्शी, मोहोळ की अक्कलकोट. ज्यांच्याकडे संशोधनाची लॅब नाही, पण कोपऱ्यावर रक्त तपासणारी पॅथॉलॉजी आहे. रुग्णांनीही वाचायला हरकत नाही, उलट वाचावंच.

आत काय चाललेलं असतं

सोलापूरकराला हे समजावणं सोपं जातं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तंतूंनी बांधलेला असतो. ते तंतू मुख्यतः टाईप-१ कोलॅजनचे. चादरीतला ताणा समजा. दातावर साचलेल्या थरातल्या जंतूंवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि येताना एक कात्री, म्हणजे कोलॅजन तोडणारं एन्झाइम, घेऊन येतात. तिचं नाव एमएमपी-८. ती म्यानात असेपर्यंत निरुपद्रवी; म्यान निघालं की जंतू राहतात बाजूला, ती ताणाच कापत सुटते. ताणा कापला गेला तरी वरची नक्षी काही दिवस तशीच दिसते. एक्स-रेचंही तसंच. हाडातलं बरंच खनिज गेल्याशिवाय तिथे काही दिसत नाही. म्हणून म्यानातून बाहेर आलेली, म्हणजे सक्रिय, एमएमपी-८ मोजायची. हेलसिंकी विद्यापीठातल्या टिमो सोर्सा यांच्या गटाचं यावर बरंच काम आहे, आणि गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टी वापरून खुर्चीशेजारीच करायची चाचणी आता बाजारात मिळते.

दुसरा धागा रक्तातला. सुजलेल्या हिरडीतून आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे निरोपे सुटतात. आयएल-६ यकृतापर्यंत पोहोचला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं. सीआरपी १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १९ तासांचं, त्यामुळे कारण संपलं की ते भराभर उतरतं. पण सीआरपीला हिरडी आणि घसा यांतला फरक कळत नाही. सूज कुठलीही असो, ते वाढतं. हे वाक्य मी स्वतः एकदा विसरलो होतो, ते पुढे सांगतो.

पायरी १: आधी स्वतःला एक प्रश्न

आकडा हातात आल्यावर माझ्या उपचारात काय बदलणार? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर चिठ्ठी लिहू नका. ज्याच्या दातांवर कीटणाचे डोंगर आहेत आणि हिरडीला बोट लावलं तरी रक्त येतं, त्याची सूज मोजून काय मिळवणार? त्याचं स्केलिंग करा, म्हणजे कीटण काढा. तपासणीचे पैसे त्याच्या खिशात राहू द्या.

माझ्याकडे आकड्याने निर्णय बदलतो तो चार प्रसंगी. विडी-सिगारेट ओढणारा, ज्याची हिरडी खोटं बोलते. मधुमेही, किंवा मधुमेह असूनही ते माहीत नसलेला. उपचार पूर्ण झाले, पण चार-पाच मिलिमीटरची काही पॉकेट (दात आणि हिरडी यांतल्या खोल फटी) शिल्लक आहेत, आता शस्त्रक्रिया करायची की थांबायचं, असा रुग्ण. आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवलेला. इम्प्लांटभोवतीचं हाड एकदा जायला लागलं की वेगाने जातं आणि तिथे प्रोबचं वाचनही नैसर्गिक दातासारखं सरळ नसतं. इम्प्लांटच्या रुग्णाची पहिली नोंद दात चढवल्यावर, सगळं चांगलं असताना करून ठेवा. नंतरचा आकडा त्याच्याशीच ताडायचा असतो.

पायरी २: नमुना आधी, प्रोब नंतर

ही चूक सर्रास होते. विचारपूस झाली, तोंड पाहून झालं, की हात आपोआप प्रोबकडे जातो. प्रोब फिरला की रक्त येतं, रक्त नमुन्यात मिसळतं आणि आकडा बिघडतो. त्याच दिवशी नमुना घ्यायचा असेल तर प्रोबला शेवटी हात लावा.

चुळीची एमएमपी-८ चाचणी साधारण अशी होते. रुग्ण आधी साध्या पाण्याने अर्धा मिनिट चूळ भरून थुंकतो. मिनिटभर थांबायचं. मग किटमधल्या पाच मिलिलिटर शुद्ध पाण्याने पुन्हा अर्धा मिनिट चूळ, ती कपात. सिरिंजने ओढून गाळणीतून तीन-चार थेंब पट्टीवर. पाच मिनिटांनी वाचायचं. एक रेघ म्हणजे पातळी कमी, दोन रेघा म्हणजे वाढलेली. सीमा २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची. किटनुसार थोडा फरक पडतो, तेव्हा डब्यातला कागद वाचा. मी सुरुवातीला वाचला नव्हता आणि दोन पट्ट्या वाया घालवल्या.

एकाच जागेचं पाहायचं असेल, उदाहरणार्थ एकच दाढ किंवा एकच इम्प्लांट, तर हिरडीच्या फटीतला द्रव कागदी पट्टीवर घेतात. कापसाच्या गुंडाळ्या लावून जागा कोरडी करायची, वरचा थर हलकेच पुसायचा, पट्टी फटीच्या तोंडाशी तीसेक सेकंद धरायची. पट्टीवर लाल दिसलं तर ती टाकून द्या. हा द्रव मायक्रोलिटरच्या हिशोबात मिळतो, आपल्या दवाखान्यात तो मोजायची सोय नसते. म्हणून रोजच्या कामासाठी चूळच बरी.

लाळ गोळा करून बाहेर पाठवायची असेल तर सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. आधी किमान तासभर खाणं, पिणं, ब्रश काही नाही. थुंकायला सांगू नका. मान खाली घालून लाळ नळीत आपोआप ओघळू द्या. आणि बर्फ! एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी मी मे महिन्यात लाळेचे नमुने जमवून दिले होते. दुपारी एक वाजता, पारा ४२ च्या पुढे, नमुने स्टीलच्या डब्यात, डबा स्कूटरच्या डिकीत. बर्फ घ्यायचा राहिला. पोहोचेपर्यंत डबा हाताला चटका देत होता. निम्मे नमुने फेकावे लागले. प्रथिनं उकडून घेऊन कोण मोजणार? चूक सर्वस्वी माझी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट. दिवसभर उन्हात किंवा मागाच्या शेडमध्ये असलेल्या माणसाची लाळ घट्ट आणि कमी असते. काही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी लाळ येत असेल तर तो स्वतंत्र आजार समजून कारण शोधा. औषधं, मधुमेह, क्वचित स्जोग्रेन (लाळेच्या ग्रंथी सुकवणारा आजार). अशा तोंडातल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी ३: कोपऱ्यावरच्या लॅबकडून काय मागवायचं

चुळीचं किट नसलं म्हणून अडत नाही. तीन रक्ततपासण्या कुठल्याही पेठेत होतात.

पहिली, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिला आपण दंतवैद्य विसरतो, आणि तीच कधीकधी जीव वाचवते. तरुण मुलगा, दात बऱ्यापैकी स्वच्छ, पण हिरड्या फुगून दातांवर आलेल्या, न लावताच रक्त, सोबत थकवा, अंगावर निळे डाग. इथे स्केलर उचलू नका, त्याच दिवशी सीबीसी करा. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, पहिल्यांदा हिरडीतून दिसू शकतो. पावसाळ्यात तापानंतर हिरडीतून रक्त येतंय म्हणून कोणी आलं तर प्लेटलेट्स पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, डेंग्यू असू शकतो. हिरड्या फुगल्यात पण सीबीसी ठीक आहे, मग औषधांची यादी विचारा. रक्तदाबाची अम्लोडिपिन, फिटची फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन या तिघींनी हिरडी वाढते.

दुसरी, एचबीए१सी, आपल्या भाषेत तीन महिन्यांची साखर. २०१७ च्या जागतिक बैठकीत ठरलेलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं वर्गीकरण आता सगळीकडे वापरतात. त्यात हिरडीरोगाची पायरी चार टप्प्यांत आणि वेग ए, बी, सी अशा तीन श्रेणींत लिहितात. मधुमेह्याचं एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रुग्ण दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेट ओढत असेल, तर श्रेणी सी. म्हणजे वेग जास्त धरायचा, मग आज हिरडी कशीही दिसो.

इथे एक मेख आहे. लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असेल तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं, आणि आपल्याकडे येणाऱ्या बायकांत, विशेषतः विडी वळणाऱ्या मावशींत, हिमोग्लोबिन नऊ-दहा असणं नवलाचं नाही. सीबीसी आणि एचबीए१सी शेजारी शेजारी ठेवून वाचा. जुळत नसेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर करून घ्या.

तिसरी, एचएस-सीआरपी. साधं सीआरपी नको. ते मोठ्या आजारासाठी, हिरडीची धग त्यात हरवते. एचएस म्हणजे बारीक वाचणारं. १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, १ ते ३, आणि ३ च्या वर, अशा तीन पातळ्या. त्या नव्या वर्गीकरणाच्या तक्त्यातही आहेत. रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक वाचा. काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर छापतात. ०.४ पाहून "अरे वा, नॉर्मल" म्हणाल, आणि तो असतो ४ मिलिग्रॅम प्रति लिटर.

पायरी ४: आकडा वाचताना

आता माझी ती फजिती. एक मावशी, पन्नाशीच्या, बोटांची टोकं तंबाखूने पिवळी, मिश्री लावायची सवय. हिरडीचा आजार मध्यम. मी उत्साहाने एचएस-सीआरपी मागवलं, आलं १८. मी त्यांना हृदय तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली आणि त्या घरी जाऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. "सर, आईला पंधरा दिवसांपूर्वी चिकुनगुनिया झाला होता, सांधे अजून सुजलेत. ते सांगायला पाहिजे होतं का?" त्यांनी सांगायला नको होतं, मी विचारायला हवं होतं. १० च्या वरचा एचएस-सीआरपी आला की तो हिरडीच्या खात्यावर टाकायचा नाही. दुसरं कारण शोधायचं आणि ते निवळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. लठ्ठपणा, संधिवात, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनीही तो वर जातो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी खाली येतो, आणि मग आपण उगाच खूश होतो.

एमएमपी-८ च्या दोन रेघा आल्या पण पॉकेट नाही, असं झालं तर अक्कलदाढेभोवतीची सूज, तोंड आलेलं, परवाच काढलेला दात हे पाहा. उलट, तोंडात सहाच दात उरलेत आणि एक रेघ आली, तर हरखून जाऊ नका. चूळ सगळ्या तोंडाची बेरीज सांगते, सहा दातांची बेरीज कमीच येणार. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही हा आकडा खाली दबू शकतो. अण्णांच्या दोन रेघा आल्या होत्या, म्हणजे धूर आड येऊनही आग दिसत होती.

रक्ताचा ठिपका, म्हणजे प्रोब फिरवल्यावर येणारा रक्तस्राव, यालाही मी बायोमार्करच म्हणतो. फुकटचा आणि जुना. धूम्रपान न करणाऱ्यात तो नसणं ही फार भरवशाची खूण आहे: ती जागा शांत आहे. तो असणं मात्र तितकं भरवशाचं नाही, कारण रक्त येणाऱ्या सगळ्या जागा पुढे झिजत नाहीत. नेमक्या या संशयाच्या जागी एमएमपी-८ उपयोगी पडते.

पायरी ५: उपचार

आकडा वाढला म्हणून गोळ्या नाहीत. हे मोठ्याने लिहायला हवं, कारण हिरडी सुजली की औषधाच्या दुकानातून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोलची जोडी घेऊन खायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. दोन दिवस बरं वाटतं, कीटण जागच्या जागी. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत अँटिबायोटिक सरसकट देऊ नयेत असं स्पष्ट आहे. पसरलेला, गंभीर आजार असलेल्या तरुणांसारख्या मोजक्या रुग्णांतच त्यांचा विचार करायचा. एमएमपी-८ अडवण्यासाठी डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हा मार्गही आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्या मात्रेत ते जंतू मारत नाही, फक्त कात्री बोथट करतं. कल्पना सुरेख आहे. तरी त्याच युरोपीय सूचना ते नेहमीसाठी सुचवत नाहीत, आणि मीही लिहीत नाही. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना तर नाहीच.

मग करायचं काय? जे आधीपासून करतो तेच, पण क्रमाने आणि पूर्ण. पहिल्या भेटीत ब्रश कसा करायचा ते आरशात दाखवा, तंबाखूविषयी बोला. मावशींना मी मिश्री सोडा असं एकदम म्हणत नाही. आधी रात्रीची सोडा म्हणतो, मग दुपारची. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश हातात देऊन त्यांच्याकडून माझ्यासमोर एकदा करून घेतो. त्यानंतर हिरडीखालची खोल सफाई, भूल देऊन, एक-दोन बैठकींत.

सफाईनंतर आठवडाभर सीआरपी तपासू नका. खोल सफाईने ते चोवीस तासांत चढतं. लंडनमध्ये १२० रुग्णांवर केलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत बोलका आहे. कसून सफाई केलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम दुसऱ्या दिवशी बिघडलेलं आढळलं आणि सहा महिन्यांनी इतरांपेक्षा सुधारलेलं. म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाची सगळी सफाई एका दिवसात उरकण्याची घाई मी करत नाही.

मधुमेह्याची साखर आटोक्यात येईपर्यंत सफाई लांबवायची, ही समजूत उलटी आहे. हिरडीची सूज साखर वाढवते, साखर सूज वाढवते. कुठेतरी कात्री लावावी लागते, आणि आपल्या हातात हिरडीची बाजू आहे. शस्त्रक्रिया मात्र साखर उतरेपर्यंत थांबू शकते. फॅमिली डॉक्टरांना दोन ओळींचं पत्र द्या: आजाराचा टप्पा, एचबीए१सी, सफाईची तारीख. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) हिरडीच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरतं. आकडा लहान वाटेल. पण साखरेची एखादी जादा गोळी सुरू करावी का, असा विचार चालू असलेल्या माणसाला तो लहान नाही. हे आश्वासन म्हणून सांगू नका, शक्यता म्हणून सांगा.

पायरी ६: तीन महिन्यांनी

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून पैसे घालवू नयेत. तीन महिन्यांनी सगळं एकाच दिवशी: आधी चूळ, मग रक्त, मग प्रोब.

माझा हिशोब असा. रक्त येणाऱ्या जागा दहा टक्क्यांच्या आत, चार मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेटमधून रक्त नाही, एमएमपी-८ एक रेघ: सहा महिन्यांनी या. पॉकेट चार-पाच मिलिमीटर, दोन रेघा: पुन्हा खोल सफाई आणि तीन महिन्यांनी भेट. पॉकेट सहा मिलिमीटर किंवा जास्त आणि दोन रेघा: शस्त्रक्रियेचं बोला किंवा हिरडीतज्ज्ञाकडे पाठवा. पॉकेट पाच मिलिमीटर पण एक रेघ, रक्त नाही, रुग्ण विडी ओढत नाही: इथे मी थांबतो. पूर्वी अशा जागा उघडायचो. आता लक्ष ठेवतो.

जिथे हे चालत नाही

गुटखा-मावा-सुपारी खाणारा, तिखट लागताच तोंड पोळणारा, गाल फळीसारखा ताठ झालेला रुग्ण. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी हे रुग्ण येतातच. त्यांच्यात लाळेतल्या मार्करवर संशोधन होतंय, पण दवाखान्यात त्याचा निर्णयासाठी उपयोग नाही. पट्टीने तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजा आणि दर भेटीत लिहा. सुपारी बंद करवा. पांढरा-लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर बायोप्सी. लाळेची कुठलीही चाचणी बायोप्सीला पर्याय नाही, जाहिरात काहीही म्हणो.

मावशींच्या त्या प्रसंगानंतर मी केसपेपरवर, सीआरपीच्या आकड्याच्या अगोदर, हाताने एक रकाना आखून घेतला: "गेल्या महिन्यात ताप, सांधेदुखी, घसा, जखम?" नोंदी घेणारी आमची मदतनीस तो प्रश्न मराठीत, तेलुगूत आणि कानडीत विचारते. रकाना कोरा राहिला तर रक्ताची चिठ्ठी माझ्याकडे सहीला येत नाही.